खिंडीतली हवा

वादी अदाईत राहणाऱ्या माणसाला खिंड म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्यामधल्या घळीतून वळत अमरातकडे गेलेला रस्ता. पाऊस वर्षातून दोन-चार वेळा, पण आला की वादी भरून वाहते आणि रस्ता बंद. जून २००७ मध्ये गोनू वादळानं या रस्त्याची काय दशा केली ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे बौशरहून डोंगर चढून अमरातला उतरणारा रस्ता झाला. घळीतली वाट सोपी, पण पाणी आलं की अडते. डोंगरावरची अवघड, पण उघडी राहते. जगातल्या पुष्कळशा खिंडी माणसानं याच हिशेबानं शोधल्या असाव्यात.

हे सारं लिहायला निमित्त झालं ते मंडळाच्या गेल्या सभेचं. कोजागरीचा हिशेब मंजूर झाल्यावर एका उत्साही सभासदानं येत्या जूनमधल्या हिमालय ट्रेकचा कागद पुढे केला. अकरा नावं आधीच लागलेली. गुरुवारी रात्री मस्कतहून दिल्ली, दुसऱ्या दिवशी विमानानं लेह, तिसऱ्या दिवशी गाडीनं खारदुंग ला, चौथ्या दिवशी चालायला सुरुवात आणि पुढे मारखा खोऱ्यातून पाच हजार दोनशे मीटरांच्या आसपासची कोंगमारू ला ओलांडून परत. एकूण नऊ दिवस, कारण बहुतेकांच्या रजेचं गणित तेवढंच. मी ‘अनुभवी’ म्हणून माझं मत विचारलं गेलं. मी म्हटलं, यात आणखी चार दिवस घाला, आणि ते सगळे सुरुवातीला घाला. मग जो गलका झाला तो सभेच्या वृत्तांतात आलेला नाही. एक जण म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही इंजिनियरिंगचे डॉक्टर. आम्ही खऱ्या डॉक्टरांना विचारून गोळ्या घेऊ.’’ टोला रास्त होता. या पदवीपायी मला मंडळात आजवर दोनदा पोटदुखीवर औषध विचारलं गेलं आहे. शेवटी संपादक म्हणाले, तुमचं म्हणणं पुरवणीसाठी लिहूनच द्या. म्हणून हा लेख.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे माझा आग्रह कुठून येतो ते कळेल.

२००४ च्या जूनमध्ये आम्ही तिघे मित्र पुण्याहून हामटा खिंडीला गेलो होतो. मी तेव्हा एम.टेक. करत होतो. ही खिंड कुलूचं हिरवं खोरं आणि लाहौलचा कोरडा मुलूख यांच्यामध्ये आहे, उंची सुमारे ४,२७० मीटर. बेत मी आखला होता. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ होतं, खिशात वहीत आखलेला तक्ता. मनाली दोन हजार मीटरांवर. तिथून दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही बालू का घेरा नावाच्या पठारावर, म्हणजे ३,६०० मीटरांच्या आसपास पोचलो. आमच्यातला एक जण दुपारपासून खोकत होता. वाटेत तो म्हणालाही, की आज खालीच थांबू या का? मी म्हटलं, उद्या खिंड, मग उतारच आहे.

रात्री नऊच्या सुमारास त्याला आडवं होता येईना. बसून धापा टाकत होता. श्वास घेताना छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज यायचा. मी टॉर्चच्या उजेडात माझ्या तक्त्यावरून त्याला समजावत होतो, की इतक्या उंचीवर असं व्हायला नको, हे गारठ्यानं झालं असणार. पलीकडे गद्दी मेंढपाळांचा तळ होता. खोकला ऐकून त्यांच्यातला एक म्हातारा आला. त्यानं मित्राकडे पाहिलं, कान जवळ नेला आणि माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, ‘‘इसको नीचे ले जाओ. सुबह की राह मत देखो.’’ मी वाद घातला! अंधार आहे, ओढा आहे, सकाळी बघू म्हणालो. तो पुन्हा तेच म्हणाला आणि आपल्या पुतण्याला उठवायला गेला.

आम्ही रात्री उतरलो. पुतण्या पुढे, मित्र मधे, आम्ही दोघे त्याला धरून. पहाटे चिकाला पोचेपर्यंत त्याचा श्वास पुष्कळ मोकळा झाला होता. मनालीच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात पाणी झालं होतं, आणखी एक रात्र वर काढली असती तर सांगता आलं नसतं. मित्र बरा झाला. मात्र तो पुन्हा हिमालयात गेला नाही, आणि त्या रात्रीविषयी आम्ही दोघं पुढे कधी बोललो नाही.

त्या म्हाताऱ्याला ते कसं कळलं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. इंजिनियरला न कळलेली गोष्ट दुसऱ्याला कळली की आम्ही पुस्तकं काढून बसतो. तसा मीही बसलो आणि खिंडींचा एक वेगळाच इतिहास हाती लागला.

या दुखण्याची नोंद फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात हान दरबारातल्या एका चिनी अधिकाऱ्यानं पश्चिमेकडे, काश्मीर-गांधाराच्या बाजूला, दूत पाठवू नयेत असा सल्ला दिला. कारणांमध्ये त्यानं वाटेतल्या डोंगरांची नावंच दिली: मोठा डोकेदुखी डोंगर आणि छोटा डोकेदुखी डोंगर. तिथे माणसाला ताप येतो, रंग उडतो, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात आणि गाढवं-गुरंही त्यातून सुटत नाहीत, असं तो म्हणतो. सरकारी दौरा टाळण्यासाठी याहून प्रामाणिक कारण कुणी दिलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर दीड हजार वर्षांनी मिर्झा हैदर दुघलात हा सरदार यारकंदच्या सुलतान सैद खानाच्या मोहिमेत लडाख आणि तिबेटमध्ये उतरला. बाबराचा हा मावसभाऊ, पुढे दहा वर्षं काश्मीरवर राज्य करून गेला. त्याच्या ‘तारीख-इ-रशिदी’ या ग्रंथात या विकाराला ‘दमगिरी’ म्हटलं आहे. धाप लागते, झोप येत नाही, हातपाय सुजतात, आणि घोडेही यानं मरतात, असं तो लिहितो. हे पाहिलेल्या माणसाचं वर्णन आहे. खुद्द सुलतान सैद खान १५३३ मध्ये परतीच्या वाटेवर काराकोरमच्या बाजूला दमगिरीनंच गेला. लडाखच्या उत्तर टोकाला दौलत बेग ओल्डी नावाचं लष्करी ठाणं आहे. तुर्की भाषेत त्या नावाचा अर्थ ‘थोर श्रीमंत माणूस मेला ती जागा’ असा लावतात, आणि तो माणूस म्हणजे हाच सुलतान, असं मानलं जातं. तिथून जवळ असलेली काराकोरम खिंड ५,५४० मीटरांवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्मा भरतो. म्हणजे आपण मुतराहच्या समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू घेतो तेवढ्यासाठी तिथे दोन श्वास लागतात. सुलतानाकडे फौज होती, खजिना होता. वेळ नव्हता.

आता याच खिंडींतून दरवर्षी न चुकता जाणाऱ्या लोकांकडे बघा. कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातले भोटिया व्यापारी हे त्यांतलं ठळक उदाहरण. मिलम हे त्यांचं वरचं गाव, साधारण ३,४०० मीटरांवर. तिथून तिबेटातल्या ग्यानिमाच्या बाजाराला जायचं तर उंटा धुरा, जयंती धुरा आणि कुंगरी बिंगरी या तीन खिंडी, तिन्ही पाच हजार मीटरांच्या वर, आणि मधे ना चारा ना सरपण. त्यामुळे तिन्ही एका दमात पार कराव्या लागत. ओझी वाहायला शेळ्यामेंढ्या. प्रत्येकीच्या पाठीवर करबच नावाची लोकरीची जोडपिशवी, तिच्यात दहा-बारा किलो माल. जाताना धान्य, गूळ, कापड आणि येताना मीठ, टाकणखार, लोकर. प्रत्येक व्यापाऱ्याचा तिबेटात ठरलेला भागीदार असे, आणि ते नातं बापाकडून मुलाकडे जाई.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते त्यांचं वेळापत्रक. हिवाळा खाली गरम खोऱ्यात. वसंतात मुनस्यारीकडे मुक्काम. उन्हाळ्याच्या तोंडाला सगळं गाव बायकामुलांसह मिलमला चढणार, तिथे शेतं पेरणार, आठवडेच्या आठवडे राहणार. खिंडीतला बर्फ विरघळला की मग पुरुष मेंढ्या घेऊन वर. म्हणजे पाच हजार मीटरांवर पाऊल टाकण्याआधी ही माणसं साडेतीन हजारांवर मुरलेली असत. गद्द्यांचंही तसंच. कांगडा-चंब्याच्या पायथ्यापासून ते निघतात आणि मेंढ्या चरतील त्या वेगानं, म्हणजे गवत उगवेल त्या वेगानं, वर सरकतात. धौलाधार आणि पीर पंजाल ओलांडून लाहौलच्या कुरणांत पोचायला त्यांना कित्येक आठवडे लागतात. मेंढीला घाई करता येत नाही. आमच्याकडे मेंढ्या नव्हत्या, तक्ता होता.

गंमत म्हणजे या लोकांची कारणमीमांसा साफ चुकीची होती. धाप लागली की पहाडी लोक म्हणत ‘बिस लागलं’, बिस म्हणजे विष. खिंडीतल्या फुलांच्या वासानं हवा विषारी होते असा समज होता. तिबेटी भाषेतही या आजाराच्या नावाचा अर्थ ‘खिंडीचं विष’ असाच होतो. एकोणिसाव्या शतकातले साहेब प्रवासी आपल्या पुस्तकांत या समजुतीला हसले आहेत. पण विष लागलेल्या माणसाला खाली न्यायचं हे त्या समजुतीतूनच सरळ निघत होतं, आणि उपाय तोच बरोबर होता. मला कारण ठाऊक होतं. हवेचा दाब आणि उंचीचं समीकरण मी परीक्षेत सोडवलं होतं.

याच जोहार खोऱ्यातला नैनसिंग रावत. त्याची हकिकत विषयापासून थोडी बाजूला आहे, पण माझ्या धंद्यातल्या माणसाला ती टाळता येत नाही. इंग्रजांना तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्यांना आत सोडत नव्हते. तेव्हा सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन मॉन्टगोमेरीनं पहाडी माणसांना डेहराडूनला शिकवून व्यापाऱ्याच्या आणि यात्रेकरूच्या वेषात पाठवलं. नैनसिंगला ठरावीक लांबीची ढांग टाकायला शिकवलं होतं, दोन हजार ढांगांना एक मैल. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर ढांगांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद, आणि कवड्यांत लपवलेला पारा. उंची मोजायची ती पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून. दर तीनशे मीटरांना उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. १८६५-६६ च्या प्रवासात त्यानं ल्हासाची उंची काढली ती आजच्या मापाच्या बरीच जवळ आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं १८७७ मध्ये त्याला सुवर्णपदक दिलं. उकळत्या पाण्यावरून उंची काढणारा तो माणूस जन्मापासून मिलमच्या वेळापत्रकात वाढलेला होता, हे पदकाच्या मानपत्रात कशाला येईल!

हा सारा व्यवहार थांबला तो बर्फामुळे नव्हे. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराविषयी करार झाला. पंचशीलचा म्हणून आपण तो ओळखतो. त्यात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नावानिशी दिल्या होत्या: शिपकी, माना, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा आणि लिपूलेख. मुदत आठ वर्षांची. १९६२ च्या जूनमध्ये करार संपला, ऑक्टोबरात युद्ध सुरू झालं. मिलमच्या व्यापाऱ्यांचा धंदा एका मोसमात बुडाला आणि शेकडो घरांचं गाव ओस पडत गेलं. पुढे १९८१ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा आणि १९९२ मध्ये थोडा व्यापार लिपूलेखमधून पुन्हा सुरू झाला, पण जोहारच्या मेंढ्या कुंगरी बिंगरीला परत गेल्या नाहीत.

आणि ज्या वर्षी खिंडी जाणणारी माणसं खाली आली, त्याच वर्षी खिंडी न जाणणारी माणसं हजारोंनी वर पाठवली गेली. १९६२ मध्ये मैदानी छावण्यांतले जवान सुती गणवेशात, सरावाला वेळ न मिळता, चार-पाच हजार मीटरांवर नेले गेले. त्यांतले कित्येक गोळीनं नव्हे, फुप्फुसात पाणी होऊन गेले. त्या आधी दोनच वर्षं, १९६० मध्ये, अमेरिकेतले चार्ल्स ह्यूस्टन यांनी या आजारावर लेख लिहून हा न्यूमोनिया नाही असं पाश्चात्त्य डॉक्टरांना पटवलं होतं. के-टू शिखरावर दोन मोहिमा नेलेला हा डॉक्टर. पेरूमधल्या डॉक्टरांना ते आधीपासून माहीत होतं, पण ते स्पॅनिशमध्ये लिहीत.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो. धावण्याच्या पलीकडचं, हळू करायचं कामही त्या वर्षांत पुष्कळ झालं. लष्करी डॉक्टरांनी सीमेवरच्या जवानांचा काटेकोर अभ्यास केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवर आधारलेला आहे आणि आजही जगभर वाचला जातो. आपल्या सैन्यात रूढ झालेला नियम असा: २,७०० ते ३,६०० मीटरांवर सहा दिवस, पुढे ४,५०० पर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार. एकूण चौदा दिवस, त्यातले सुरुवातीचे नुसते विश्रांतीचे. हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मिलम आठवलं. मेंढ्या वगळल्या तर वेळापत्रक तेच.

आपला मराठी माणूस हिमालयात जायचा तो मुख्यतः यात्रेकरू म्हणून. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ मध्ये पायी हिंडले आणि त्यावर त्यांनी सुंदर पुस्तक लिहिलं, तेही गुजरातीत. यात्रेकरू पायी जाई, चट्टीचट्टीला मुक्काम करी, म्हणून बद्री-केदारला जाऊन धडपणे परत येई. गिर्यारोहणाची हौस स्वातंत्र्यानंतरची. मुंबईची गिरिविहार संस्था १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. तिथून शिकून आलेल्यांनी सह्याद्रीत पोरं तयार केली. १८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले होते. पण सह्याद्रीची एक फसगत आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. ढाकचा कडा, लिंगाणा, अलंग-मदन-कुलंग यांवर पाय कितीही पक्के झाले तरी फुप्फुसाला काहीच कळत नाही. उलट पाय पक्के असले की माणूस लवकर वर पोचतो, आणि धोका तिथेच असतो. आमच्या तिघांत सर्वांत ताकदवान तोच होता, जो त्या रात्री बसून श्वास घेत होता.

आता तर रस्तेच घाई करतात. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. शिंकू ला खाली बोगद्याचं काम जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. तिथल्या लोकांना त्याची गरज आहे. हिवाळ्यात बाळंतीण अडली तर खिंडीचा इतिहास उपयोगी पडत नाही. आपण मात्र मस्कतहून, समुद्रकाठून निघून चोवीस तासांच्या आत लेहला साडेतीन हजार मीटरांवर उतरणार. सैद खानाला याहून जास्त दिवस मिळाले होते.

म्हणून माझी मागणी. लेहला तीन रात्री, त्यातले पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही, गोम्पा बघायलाही नाही. खारदुंग ला शेवटी. चालू लागल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरांहून जास्त चढवायची नाही, आणि मधे एक दिवस मुक्काम. खोकला किंवा डोकेदुखी लपवायची नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या जरूर घ्या, माझा विरोध नाही. पण त्या दिवसांच्या बदली नसतात. नऊचे तेरा दिवस होतात. हे ऐकून तिघांनी नावं काढून घेतली, रजा नाही म्हणून. त्यांच्यावर माझा राग नाही. आठ उरलेत.

शुक्रवारी पहाटे आम्ही काही जण रियामहून मुतराहला उतरणाऱ्या जुन्या पायवाटेनं जातो. आता दगडांवर पिवळे-पांढरे-लाल पट्टे रंगवले आहेत, पूर्वी ती गाढवांची आणि माणसांची रोजची वाट होती. आमच्या गल्लीतले एक ओमानी आजोबा परवा हौसेनं बरोबर आले. लहानपणी बापाबरोबर ते या डोंगरांतून मुतराहच्या बाजाराला जात. वाट जेमतेम दोन-तीन किलोमीटरांची. पण अकब्यावर, म्हणजे चढ संपतो तिथे, पोचल्यावर ते खाली बसले. आम्ही पुढे निघालो तर म्हणाले, ‘‘पहले बैठो.’’ का, असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. बाप बसायचा, म्हणाले.

हा लेख पाठवण्याआधी मी पुण्याला त्या मित्राला फोन केला. वीस वर्षांत प्रथमच तो विषय काढला. म्हटलं, लिहितोय, चालेल ना? चूक माझी होती असंच लिहिलं आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘लिही. नाव नको. त्या पोरानं चिकाला आपल्याला चहा करून दिला आणि पैसे घेतले नाहीत, ते लिहिलंस का?’’

मला ते आठवतच नव्हतं.

‘‘दिवस किती ठेवलेस?’’ त्यानं विचारलं.

‘‘तेरा.’’

‘‘पंधरा ठेव,’’ तो म्हणाला.